सहाशे खिळे आणि एक शब्द



सण जवळ आला की आपल्या पॅरिशमध्ये छपाईची कामे निघतात. नोव्हेनाची पत्रिका, गीतांची पुस्तिका, स्मरणिका, मुलांसाठी प्रश्नोत्तरांचे पान. आपला भाग सीमेवरचा, त्यामुळे एकाच कागदावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी शेजारी शेजारी बसतात, कधी कोकणीही. मग प्रश्न येतात. हा फॉन्ट कोणता? तसाच दुसरा मिळेल का? इथे वेलांटी का घसरली? या जागी चौकोन का दिसतो? हे प्रश्न संगणकाचे वाटतात, पण ते चारशे वर्षांहून जुने आहेत आणि त्यांच्या आरंभी एक धर्मगुरू उभा आहे.

तो धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली गोव्यातच वारला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' आपण सारे ऐकून आहोत. पण ते पुस्तक पहिल्यांदा कोणत्या लिपीत छापले गेले, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले तर बहुतेक मुले देवनागरी म्हणतात. ते १६१६ साली राशोल ऊर्फ रायतूर येथे छापले गेले आणि त्याची अक्षरे रोमी होती. भाषा मराठी, छंद ओवीचा, कथा तारणाऱ्याची आणि पोशाख मात्र रोमी.

असे का झाले? छापखाना नव्हता म्हणून नव्हे. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. परदेशी लिपीचे प्रेम होते म्हणूनही नव्हे. १६०८ साली स्टीफन्सने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या अक्षरांत पुस्तके छापलेली पाहावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, असे त्याने कळवले. मलबारच्या ख्रिस्ती लोकांना तमिळ अक्षरांतली पुस्तके मिळाली होती. १५७८ साली कोल्लमला तमिळमध्ये धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली होती. मग इथे अडचण कोणती? त्याने दोन कारणे दिली. एक म्हणजे वरिष्ठांची आज्ञा आणि मदत लागते. दुसरे कारण आकड्याचे होते. युरोपच्या अक्षरांना चोवीस साचे पुरतात, इथल्या अक्षरांना सहाशे लागतील.

या सहाशेचा हिशेब समजून घेऊ या. आपल्या लिपीत 'क' हे एक अक्षर झाले. त्याला काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार लागले की रूप बदलते. अर्धा क वेगळा, क्त वेगळा, क्ष वेगळा. उकार खाली लटकतो, रफार डोक्यावर बसतो. शिशाच्या खिळ्यांनी हे छापायचे तर प्रत्येक रूपासाठी आधी पोलादाचा ठसा कोरायचा, तो तांब्यावर ठोकून मातृका करायची, ती साच्यात बसवून वितळलेला धातू ओतायचा. चोवीस वेळा करायचे काम सहाशे वेळा. एका बेटासारख्या वसाहतीत, मोजक्या कारागिरांच्या बळावर, ते झाले नाही.

स्टीफन्स थांबला नाही, हे आपण लक्षात घ्यावे. अक्षरे मिळाली नाहीत म्हणून त्याने शब्द अडवून ठेवला नाही. हाती असलेल्या चोवीस अक्षरांत मराठीचे सारे उच्चार बसवले आणि सुमारे अकरा हजार ओव्या लोकांच्या हाती दिल्या. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ साली.

त्यानंतर वाईट दिवस आले. १६७४ नंतर गोव्यातली छपाई बंद पडली, ती १८२१ पर्यंत. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ आपल्याकडे आहे. कसा? लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, घराघरांत म्हटला, पिढ्यांमागून पिढ्या जपला. रोमी हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. लंडनच्या सोआस ग्रंथालयात मार्सडन संग्रहात त्याचे देवनागरी हस्तलिखितही आहे. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात छापली गेली. ज्या अक्षरांची स्टीफन्सने इच्छा धरली होती, त्या अक्षरांत छापील ग्रंथ यायला ३४० वर्षे लागली.

मधल्या काळात देवनागरीचे खिळे दुसऱ्या वाटांनी आले. १६६७ साली आम्स्टरडॅमला छापलेल्या किर्खरच्या चीनविषयक ग्रंथात देवनागरी अक्षरे दिसली, पण ती पत्र्यावर कोरलेली चित्रे होती. १७७१ साली रोममध्ये प्रोपागांडा फिदेच्या छापखान्यातून देवनागरी लिपीची ओळख करून देणारे पुस्तक निघाले, त्यात सुटे खिळे वापरले होते. मराठीसाठी मोठे काम झाले बंगालमध्ये, श्रीरामपूरला. १८०० साली तिथे बॅप्टिस्ट मिशनचा छापखाना सुरू झाला. विल्यम कॅरी हा पूर्वी चांभारकाम केलेला मिशनरी आणि पंचानन कर्मकार हा बंगाली लोहार घराण्यातला कारागीर. पंचाननने ठसे कोरले आणि आपल्या जावयाला, मनोहरला, ती विद्या शिकवली. १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले. १८१० साली त्याचा मराठी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत होते, कारण त्या काळी रोजच्या व्यवहाराची लिपी मोडी होती.

श्रीरामपूरची एक घटना आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगतो. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी त्या छापखान्याला आग लागली. कागद जळाला, हस्तलिखिते जळाली, अनेक लिप्यांचे खिळे वितळून गेले. पण राख उपसताना पोलादी ठसे आणि मातृका शाबूत सापडल्या. वितळलेला धातू गोळा करून त्याच ठशांपासून पुन्हा खिळे ओतायला सुरुवात झाली आणि थोड्याच महिन्यांत छपाई चालू झाली. खिळा गेला तरी ठसा राहिला तर सारे पुन्हा उभे करता येते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली. तिथल्या थॉमस ग्रॅहम या कारागिराने आधीच्या बोजड अक्षरांना आटोपशीर वळण दिले. मराठी हस्ताक्षराच्या डौलाजवळ जाणारी अक्षरे मुंबईत घडू लागली. याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्या अक्षरांत पुढे वेद छापले गेले, काव्ये छापली गेली, पंचांगे छापली गेली. मिशनच्या छापखान्यात शिकलेल्या हातांनी संस्कृत विद्येची सेवा केली. आमच्याच बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी याच मुद्रणयुगातले लेखक. त्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले.

आणि केडगावला विसरून कसे चालेल? पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. तिथल्या मुली आणि स्त्रिया खिळे जुळवायच्या आणि छपाईही करायच्या. ज्यांना समाजाने टाकले होते त्या स्त्रियांनी काना, मात्रा, वेलांटी एकेक उचलून देवाचे वचन ओळीत लावले. रमाबाई १९२२ साली देवाघरी गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

आता संगणकाकडे येऊ. आपल्या बहुतेक पॅरिशमधले जुने साहित्य, साधारण १९९० पासून पुढच्या वीस वर्षांतले, ज्या फॉन्टमध्ये टाइप झाले ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे होते. संगणकाच्या एका फॉन्टमध्ये तेव्हा जेमतेम दोनशेच्या आसपास जागा असत. सहाशेचा जुना प्रश्न पुन्हा दारात. उपाय असा काढला गेला की अक्षरांचे तुकडे करायचे. अर्धा ग एक तुकडा, काना दुसरा तुकडा, वेलांटी तिसरा. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या, कंसांच्या, टक्क्यांच्या जागांवर बसवायचे. डोळ्यांना मराठी दिसे, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असत. शिवाय कोणता तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. १९८८ आणि १९९१ साली 'इस्की' नावाचे भारतीय प्रमाण ठरले होते, तरी बाजारातल्या फॉन्टचा कारभार वेगवेगळाच राहिला.

यात एक विलक्षण उलटापालट आहे. स्टीफन्सच्या ग्रंथाचा पोशाख रोमी होता आणि आत्मा मराठी. या फॉन्टमधल्या मजकुराचा पोशाख मराठी आणि आत मात्र रोमी चिन्हे. पोशाख हरवला, म्हणजे तो फॉन्ट संगणकात नसला, की आत काय आहे ते उघडे पडते. आमच्या पॅरिशच्या कपाटात एक सीडी आहे. तिच्यावर उपासनागीतांची पुस्तिका आहे, पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेली. ती उघडली की इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी दिसते. ज्यांनी ती टाइप केली ते आता हयात नाहीत. त्यातली काही गीते आपल्याच गावातल्या वडीलधाऱ्यांनी रचलेली, इतरत्र कुठेही छापलेली नाहीत. ती गेली तर गेलीच. म्हणून फॉन्ट ओळखणे ही आम्हाला नुसती सजावटीची बाब वाटत नाही.

ओळखायचे कसे? खिचडी दिसते तेव्हा मजकूर बहुधा हरवलेला नसतो, फक्त फॉन्ट नसतो. फाइलमध्ये त्या ओळीवर कर्सर ठेवला की फॉन्टचे नाव वरच्या पट्टीत दिसते, फॉन्ट संगणकात नसला तरीही. पीडीएफ असेल तर तिच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी मिळते. श्री-लिपी, कृतिदेव, सी-डॅकचे योगेश किंवा सुरेख, असे काही नाव सापडले की कुळ कळते. कुळ कळले की त्या कुळासाठीचा युनिकोड परिवर्तक वापरता येतो. एका कुळाचा परिवर्तक दुसऱ्या कुळाला चालत नाही, कारण तुकड्यांच्या जागा वेगळ्या.

हाती फक्त छापील कागद असेल तर अक्षरांचे चेहरे पाहावेत. माणूस नाकाडोळ्यांवरून ओळखतो तसा फॉन्ट ठरावीक अक्षरांवरून. ल आणि श पाहा, ते मराठी वळणाचे आहेत की हिंदी? अ आणि झ मुंबईच्या जुन्या छापखान्यांतले आहेत की उत्तरेकडचे? आकड्यांत ५, ८ आणि ९ पाहा. क्ष, ज्ञ, श्र ही जोडाक्षरे पाहा. म आणि भ यांची गाठ भरीव आहे की पोकळ? शिरोरेघ जाड की बारीक? पाचसहा खुणा जुळल्या की फॉन्ट सापडतो, निदान त्याचा भाऊबंद तरी. त्यावर समाधान मानावे. जुन्या पुस्तिकेसारखीच नवी दिसावी हा हट्ट चांगला, पण मजकूर बिनचूक येणे त्याहून महत्त्वाचे.

युनिकोडने काय बदलले? १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे घर मिळाले. एका विभागात १२८ जागा, आणि त्यांत तुकडे नव्हेत, खरी अक्षरे. क हा क म्हणूनच साठवला जातो. जोडाक्षराचे रूप घडवणे हे फॉन्टचे काम. स्टीफन्सचे ते सहाशे साचे आजही आहेत. ते फॉन्टच्या पोटात आहेत आणि आपल्याला एकेक उचलावा लागत नाही. आर. के. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' आज कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्याच संस्थेच्या 'बालू' कुटुंबात देवनागरीसाठी 'बालू' आहे आणि कन्नडसाठी 'बालू तम्मा'. आपल्यासारख्या सीमेवरच्या पॅरिशला असे कुटुंब फार उपयोगी. मराठी आणि कन्नड ओळी एका घरातल्या बहिणींसारख्या दिसतात. त्यात एकच काळजी घ्यावी. एकाच मापात दोन लिप्या सारख्या मोठ्या दिसतीलच असे नाही, म्हणून आकड्यावर न जाता डोळ्याने माप जुळवावे.

तरीही युनिकोडमध्ये दुखणी येतात. त्यांची कारणे थोडक्यात सांगतो. रिकामे चौकोन दिसले तर त्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही, फॉन्ट बदला. मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर मात्रेला टेकायला अक्षर मिळालेले नाही, मध्ये मोकळी जागा किंवा चुकीचे चिन्ह शिरले आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे गेली आणि जोडाक्षरे तुटली, तर बहुधा दोष मजकुराचा नसून मांडणीच्या सॉफ्टवेअरचा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. कारण युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क येतो आणि मग वेलांटी. तिला उचलून पुढे बसवणे मांडणीकाराचे काम, आणि ते त्याला सांगावे लागते. वरच्या मात्रा कापल्या गेल्या तर ओळींमधले अंतर वाढवा. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडून पाहा. काही फॉन्ट तेवढ्याने मराठी रूपे देतात.

सर्वांत जपायचा तो आपला अर्धा र. जुन्या फाइलचे परिवर्तन करताना तो हमखास रफार होऊन बसतो. मग 'डोंगर-दऱ्या' चे 'डोंगर-दर्या' होते आणि डोंगराशेजारी समुद्र येऊन उभा राहतो. सणाच्या जेवणाच्या आचाऱ्यांचे आभार मानावेत आणि छापून यावे 'आचार्यांचे आभार'! हसू येते खरे, पण हाच घोटाळा वाचनाच्या पाठात झाला तर अर्थ बिघडतो. त्यावर यंत्राचा उपाय पुरत नाही. दोघांनी बसावे. एकाने जुन्या कागदावरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासावे. 'ख्रिस्तपुराण' हाताने उतरवणाऱ्यांकडेही याहून वेगळे साधन नव्हते.

छापखान्यात देताना फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत करून द्यावा, म्हणजे तिकडे तो नसला तरी अडत नाही. अक्षरांच्या आकृती करून दिल्या तरी चालेल. पण आकृती म्हणजे खिळा, आणि ठसा आपल्याकडे राहिला पाहिजे. संपादन करता येईल अशी युनिकोड प्रत पॅरिशच्या कार्यालयात, आणखी एक प्रत दुसऱ्या कुणाकडे, असे ठेवावे. श्रीरामपूरच्या आगीने शिकवले ते हेच.

योहान आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतो की अनादि शब्दाने देह धारण केला. देह हा ठिकाणचा असतो, काळाचा असतो, त्याला एक भाषा असते, एक चेहरा असतो. देवाला ते कमीपणाचे वाटले नाही. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटाकडे पिलाताने क्रुसावर लावलेला लेख येतो. तो तीन भाषांत होता, इब्री, लॅटिन आणि ग्रीक, म्हणजे वाटेने जाणाऱ्या कोणालाही वाचता यावा. ज्याने लावला त्याचा हेतू काहीही असो, राजाचे नाव तीन लिप्यांत लोकांसमोर आले. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला यात स्वतःचे चित्र दिसायला हरकत नाही. लिपीवरून आपण भांडू शकतो. तीन लिप्यांत एकच नाव नीट लिहूही शकतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्या घरी जुनी गीतपुस्तिका, नोव्हेना, धर्मशिक्षणाची पाने, जुन्या सीडी किंवा पेन ड्राइव्ह असतील तर टाकून देऊ नका. खिचडी दिसली तरी ती फाइल पुसू नका. कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी ते टाइप झाले होते एवढे चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या महिन्यापासून रविवारच्या मिस्सानंतर आमच्यापैकी दोघे धर्मशिक्षणाच्या खोलीत बसणार आहोत. दहावी-बारावीची मुले संगणकावर असतील. मोठ्याने वाचायला आम्हाला वडीलधारी माणसे हवीत. ज्यांना ती गीते तोंडपाठ आहेत, त्यांच्यासारखा मुद्रितशोधक दुसरा नाही.

हे प्रभू, तू शब्द आहेस आणि आमच्यासाठी देह झालास. ज्यांनी तुझे वचन आमच्या भाषेत आणले, ज्यांनी ठसे कोरले, खिळे जुळवले, ओव्या उतरवून घेतल्या, त्यांच्या श्रमांचे मोल तू जाणतोस. त्यांनी जपले ते आमच्या हातून हरवू देऊ नकोस. आमेन.